मुलगी अडखळायला लागली आहे. मी तिच्यासमोर बोलणं बंद करू का?

गराडू | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. आज लिहितोय, कारण हे घरात कोणाशी बोलता येईना.

मी इंदूरचा, लोकमान्य नगर. वय ३६. हिशेबाचं काम करतो, जीएसटीची रिटर्न्स भरणं वगैरे. कळायला लागल्यापासून तोतरा आहे. एरवी बरं चालतं, पण प, ब, म आले की ओठ शिवल्यासारखे होतात. त्यात माझं नाव प वरून. बारशाला कोणी काय विचार केला होता देव जाणे.

मुलगी पावणेचार वर्षांची, नर्सरीत. तोंडाचा पट्टा अखंड चालू. रंगपंचमीच्या सुमारास "ब-ब-ब-बाबा" सुरू झालं. गेर, म्हणजे आमच्याकडची रंगपंचमीची मिरवणूक, बघून आली होती, खूप काही सांगायचं असेल, म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. मग मे महिन्यात एकदा ती पाणी मागायला स्वयंपाकघरात आली आणि नुसतीच उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले, कडा पांढऱ्या पडलेल्या, मान थोडी उजवीकडे वळलेली. तीन-चार सेकंदांनी "पाणी" बाहेर पडलं. ती पाणी पिऊन खेळायला गेली. मी तिथेच ओट्याला टेकून उभा. मान उजवीकडे वळवायची ती माझी सवय आहे.

आई म्हणाली, "तू तिच्यासमोर जरा कमी बोलत जा. पोरं उचलतात." बायको काही म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. झोपताना गोष्ट सांगायचं काम माझं असायचं. गेले तीन आठवडे ते बायको करते आणि मी फोनवर काहीतरी महत्त्वाचं बघत असल्याचं नाटक करतो. शाळेतल्या मॅडमचं वेगळंच. "घर में सिर्फ हिंदी बोलिए, तीन-तीन भाषाओं में बच्ची कन्फ्यूज हो रही है."

मराठी बंद करू? मीच बंद होऊ? की आपोआप जाईल म्हणून वाट बघू? जाणकारांनी सांगावं. अनुभव असला तर उत्तमच.

मालवी_मिरची | १० जून, सकाळी ७:३१

दादा, गोष्ट बंद नका करू हो. वाचून कसंतरी झालं. बाकी मला कळत नाही, वाचतेय.

बटवेवाली_आजी | १० जून, सकाळी ९:०५

आमच्या वेळी वेखंड उगाळून जिभेला लावत. शंखातलं पाणी पाजत. माझा धाकटा दीर साडेतीन वर्षांचा असताना असाच अडखळायचा, सहा महिन्यांत बरा झाला. आज वकील आहे आणि कोणाला बोलू देत नाही. घाबरू नकोस बाळा.

सडेतोड | १० जून, सकाळी १०:४८

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हा सगळा आत्मविश्वासाचा प्रश्न आहे. आमच्या कॉलनीत एक जण आहे, एरवी त-त-प-प करतो आणि गणपतीत आरती खणखणीत म्हणतो. जिभेत दोष असता तर आरतीतही अडखळला असता ना? मुलीला धीट बनवा, स्टेजवर उभी करा, सुटेल.

गोपाचल | १० जून, दुपारी १:२०

सडेतोड, राग मानतो. माझं वय ४८, ग्वाल्हेरला कॉलेजात शिकवतो आणि चाळीसएक वर्षं अडखळतो आहे. पंचवीस वर्षं दर वर्षी दीडशे पोरांसमोर उभा राहतो. यापेक्षा धीट कसं व्हायचं ते कळवावं. मला पाचवीत वर्गासमोर उभं करून "धीट" केलं होतं. त्यानंतर दोन वर्षं मी हजेरीला "येस सर" न म्हणता नुसता हात वर करत होतो.

आरतीचं मात्र खरं आहे, आणि आम्हा लोकांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. पाढे सगळ्यांबरोबर म्हणताना मी कधी अडलो नाही. एकट्याला उभं केलं की बे एके बे पासून बोंब. मास्तरांना वाटायचं, हा सोंग करतोय.

शब्दसखी | १० जून, रात्री १०:१५

मी बडोद्याची, स्पीच थेरपिस्ट आहे, सोळा वर्षं हेच काम करते. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

गराडूदादा, आधी आजची गोष्ट सांगून या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तोतरेपणा ऐकून लागत नाही. बाप अडखळतो म्हणून त्याच्या बोलण्याची नक्कल करून मूल अडखळायला लागलं, असं होत नाही. तो घराण्यात चालत येतो हे खरं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून ते बरंच आधीपासून दिसत होतं आणि २०१० मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या तपासणीतून जीएनपीटीएबी नावाच्या जनुकातला बदलही सापडला. म्हणजे तुमच्याकडून तिच्याकडे काही गेलं असलंच तर ते तिच्या जन्माआधीच गेलं. आता गप्प राहून ते परत येणार नाही. मान वळण्याचंही तसंच. अडकलेला शब्द ढकलायला शरीर काहीतरी जोर लावतं. कोणी डोळे मिटतं, कोणी पाय आपटतं, कोणाची हनुवटी पुढे येते. तिची मान वळली.

साधारण शंभरातली पाच मुलं दोन ते पाच या वयात काही काळ अडखळतात. त्यांतल्या चारातल्या तिघांचं पुढे आपोआप जातं. मोठ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात एकावर येतं. आजींच्या दिराचं जे झालं ते बहुतेक मुलांचं होतं, श्रेय मात्र वेखंडाला मिळतं. (आजी, रागवू नका. पण लहान मुलाच्या जिभेला वेखंड लावू नये आणि सुपारी-गोट्या तोंडात ठेवून तर अजिबात बोलायला लावू नये, घशात अडकतात.) मुलींचं सुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, ती तुमच्या बाजूची गोष्ट. घरात मोठेपणीही अडखळणारं माणूस असणं, सुरुवात साडेतीन वर्षांच्या आसपास किंवा नंतर होणं, ओठ-जबड्याला ताण दिसणं, ही दुसरी बाजू. म्हणून मी "पाचव्या वर्षापर्यंत वाट बघा" म्हणणार नाही. तपासणी आत्ताच करून घ्या. तपासणी झाली म्हणजे लगेच थेरपी सुरू होते असं नाही. कधीकधी नुसतं दर महिन्याला बघत राहतो.

काय बघतात, तर अडखळण्याची जात. "मला मला मला ते दे" असं अख्खा शब्द सैलपणे फिरवणं बहुतेक सगळीच मुलं करतात, वाक्यं जुळवताना तेवढा वेळ लागतो. "प-प-प" असा अक्षराचा तुकडा, "सsssमोसा" असं ताणणं आणि आवाजच न फुटणं, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, ही खरी तोतरेपणाची लक्षणं. घरात खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात गेल्यावर मुलं हटकून छान बोलतात.

तोपर्यंत घरी करायचं ते सांगते. "हळू बोल", "श्वास घे", "नीट विचार करून बोल" हे तिन्ही बंद. चांगल्या हेतूने म्हणतात, पण मुलाला एवढंच कळतं की आपल्या बोलण्यात काहीतरी गडबड आहे. शब्द अडला की तुम्ही पूर्ण करू नका, तिच्या तोंडाकडे टक लावू नका, तिच्या डोळ्यांकडे बघा आणि काय सांगते ते ऐका. तिला सांगण्यापेक्षा घरातल्या मोठ्यांनी स्वतः सावकाश बोलायचं, दोन वाक्यांत जरा थांबायचं. प्रश्नांचा मारा कमी. "डबा खाल्ला? कोण रडलं? मॅडम काय म्हणाल्या?" याऐवजी खेळताना नुसतं "अरेच्चा, निळी गाडी पलंगावर चढली" म्हणा. बोलायचं असेल तर ती बोलेल. रोज पाच मिनिटं फोन लांब ठेवून फक्त तिच्याबरोबर, खेळ तिच्या पसंतीचा. ऐकायला किरकोळ वाटतं. करून बघा, आठवड्यातले सातही दिवस पाच मिनिटं काढणं किती कठीण जातं ते.

आणि ती स्वतः चिडली, रडली तर "काही झालं नाही" म्हणू नका. झालेलं असतं. "तो शब्द अवघड गेला ना? जातो कधीकधी" एवढं पुरे.

मराठीबद्दल: मुळीच बंद करू नका. दोन-तीन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही आणि एक काढून घेतल्याने जात नाही. आजीची भाषा काढून घेतलीत तर तिच्याशी बोलणारं घरातलं एक माणूस कमी होईल.

गराडू | ११ जून, रात्री १२:३०

शब्दसखी, सांगितली आज गोष्ट. ससा, कासव आणि त्यांचा एक पोहेवाला, आमच्या घरची आवृत्ती. पाच-सहा ठिकाणी अडलो. ती मध्येच झोपली, त्यामुळे प्रतिक्रिया कळली नाही.

आता थेरपी म्हटल्यावर मी का बिचकतो ते सांगतो. दुसरीत असताना आई मला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. आईचं हिंदी तेव्हा कामापुरतं. डॉक्टरांना म्हणाली, "बेटा तोतला है।" तोतराचं तिने तोतला केलं. हिंदीत तोतला म्हणजे बोबडा, आपल्याला म्हणायचं असतं हकला. मी तर भीतीने गप्पच, तपासणार काय? सहा महिने मला "र" आणि "ल"चे व्यायाम दिले. आरशासमोर जीभ टाळूला लावून रोज र-र-र-र. माझा र आजही इंदुरात एक नंबर आहे.

दुसरी खेप २००९ ची. नोकरी शोधत होतो. दुसऱ्या शहरात पंधरा दिवसांचा कोर्स, "हकलाहट जड़ से खत्म, गॅरंटी". अठ्ठावीस हजार रुपये, बाबांनी एफडी मोडली. तिथे मांडीवर बोट आपटत एकेक अक्षर बोलायला शिकवलं. मा-झं-ना-व. पंधराव्या दिवशी खरंच अडखळत नव्हतो. परतीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवरूनच मामा, आत्या, दोन्ही काका, सगळ्यांना फोन लावले. नाव सांगून दाखवलं. आत्या रडली. बरोबर तीन आठवडे टिकलं. इंटरव्ह्यूत नाव विचारलं आणि बोट आपटतंय, आपटतंय, प काही येत नाही. समोरचा माणूस माझ्या बोटाकडे बघत होता. कोर्सवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "आपने प्रैक्टिस नहीं की होगी."

मालवी_मिरची | ११ जून, सकाळी ८:०२

र-र-र-र वाचून हसू आलं आणि मग वाईट वाटलं. माफ करा दादा.

गराडू | ११ जून, सकाळी ८:४०

हसा हो. आईसुद्धा आता हसते.

शब्दसखी | ११ जून, रात्री ९:४४

तो कोर्स केलेले माझ्याकडे निदान वीस-पंचवीस जण येऊन गेले असतील, गावं वेगवेगळी, गोष्ट हीच. तालावर बोललं की जवळजवळ प्रत्येक तोतरा माणूस सुरळीत बोलतो. सगळ्यांबरोबर म्हटलं की, गाताना, कुजबुजताना, कुत्र्याशी किंवा तान्ह्या बाळाशी बोलताना, तसंच. सडेतोड यांच्या कॉलनीतल्या आरतीचंही उत्तर तेच. आपलं बोलणं आपण आपल्याच आतल्या ठेक्यावर चालवतो. तोतरेपणात मेंदूतली ही वेळ साधणारी यंत्रणाच थोडी निराळी चालते. बाहेरून ठेका मिळाला, टाळ म्हणा, शेजारचा आवाज म्हणा, की काम सोपं होतं. घाबरल्यामुळे तोतरेपणा येत नाही. तोतरेपणामुळे माणूस घाबरायला लागतो आणि घाबरल्यावर आणखी अडतो. सडेतोड, तुम्ही हे उलटीकडून बघताय.

म्हणून "गॅरंटी" शब्द दिसला की उलट्या पावली फिरावं. तोतरेपणा घालवणारं मान्यताप्राप्त औषधही अजून नाही. आणि परत अडखळायला लागणं हा तुमचा आळस नाही, मोठ्या माणसांत ते फार सर्रास होतं. चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच दिवशी सांगतो.

मोठ्यांच्या थेरपीत मी दोन्हीकडून काम करते. आवाज हलकेच सुरू करणं, ओठ अलगद टेकवणं, हे एका बाजूला. दुसरी बाजू चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी थेरपिस्टने घडवली, तो स्वतः तोतरा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की अडखळायचंच आहे तर कमी झटापटीने अडखळा. शब्द अडून बाहेर पडला की थांबा, तोच शब्द सैल ओठांनी पुन्हा म्हणा. ते जमलं की अडलेलं असतानाच पकड सैल करा. मग शब्द येण्याआधीच तयारी. आणि मुद्दाम अडखळा. हो, मुद्दाम. भाजीवाल्याकडे जाऊन "ब-ब-बटाटे" म्हणा आणि त्याचं तोंड बघा. दहातले नऊ भाजीवाले नुसतं "कितने?" विचारतात.

जोसेफ शीहान नावाचा आणखी एक. तो याला हिमनग म्हणायचा. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक. पाण्याखाली लाज, टाळाटाळ, बदललेले शब्द, न केलेले फोन. वरचं टोक तासून आणलं तर खालचं वर येतं. तुमचं २००९ साली तेच झालं.

गोपाचल | १२ जून, सकाळी ६:५०

बदललेले शब्द! यावर स्वतंत्र धागा निघेल. मी वीस वर्षं हजेरी नावाने न घेता रोल नंबरने घेतली. पोरांना वाटायचं, सर शिस्तीचे. खरं कारण, त्या वर्गात तीन "प्रियंका" होत्या.

चार-पाच वर्षांपासून सत्राच्या पहिल्या दिवशी फळ्याकडे पाठ करून सांगतो, "मी अडखळतो. शब्द अडला तर तुम्ही पुरवू नका, मी आणतो." पहिल्या वर्षी हे वाक्य बोलायला मला पाऊण मिनिट लागलं. नंतरचं वर्ष निम्म्या कष्टात गेलं. लपवायचं काही उरलंच नव्हतं ना.

२००८ पासून द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, म्हणजे तीसा, नावाची तोतऱ्या लोकांचीच संस्था आहे. तिच्यातून वेगवेगळ्या शहरांत मदतगट उभे राहिले, ऑनलाइनही भेटतात. कोणी डॉक्टर नाही, फी नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका खोलीत पंधरा माणसं आणि प्रत्येक जण नाव सांगायला आपापला वेळ घेतोय, कोणालाच घाई नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी हे बघितलं. आधी बघायला हवं होतं.

अवलिया७६ | १२ जून, दुपारी ३:१५

थोडं अवांतर. १८४१ मध्ये डीफेनबाख नावाच्या जर्मन सर्जनने तोतरेपणावर इलाज म्हणून जिभेच्या मुळाशी पाचर कापून काढायला सुरुवात केली होती. तेव्हा भूल नव्हती. त्यापुढे वेखंड परवडलं.

एक शंका. मी कुठेतरी वाचलं होतं की आईबाप टोकतात म्हणून मूल तोतरं होतं. आयोवाचा प्रयोग वगैरे. ते खरं का?

शब्दसखी | १२ जून, रात्री ११:०५

ते वेंडेल जॉन्सनचं. तोही तोतरा होता, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात प्राध्यापक. त्याच्या मते तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, आईबापांच्या कानात सुरू होतो. १९३९ मध्ये त्याच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या बावीस मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना सांगण्यात आलं, की तुम्ही तोतरे व्हायला लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली नाहीत. पण गप्प झाली, कोषात गेली. काहींनी म्हातारपणापर्यंत ते भोगलं. विद्यापीठाने २००१ मध्ये माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने सव्वानऊ लाख डॉलर भरपाई दिली.

म्हणजे टोकल्याने तोतरेपणा जन्माला येत नाही. टोकल्याने माणूस बोलायचं थांबतं. ते जास्त वाईट.

गराडू | १२ जून, रात्री ११:४०

हे वाचून आईला आत्ताच उठवून सांगावंसं वाटलं. सकाळी सांगतो. तिलाही वाटत आलंय की माझं तिच्यामुळे झालं, कारण ती मला "नीट बोल" म्हणायची. तीस वर्षांत आम्ही यावर एक अक्षर बोललेलो नाही.

विष्णुपुरीकर | १३ जून, सकाळी ९:२६

तपासणीला जायचं कुठे ते कोणी लिहीत नाहीये.

शब्दसखी | १३ जून, दुपारी २:१०

खरंच, राहिलं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या "जिला शीघ्र हस्तक्षेप केंद्रात" विचारा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा तो भाग आहे, पैसे लागत नाहीत. तिथे जागा भरलेली नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात. खासगीत जात असाल तर थेरपिस्टची पदवी विचारा, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. विचारायला लाजू नका, आम्हाला सवय असते. आणि मराठी येणारं कोणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर हिंदीतून चालेल, घरचा सराव मराठीत करायचा. हल्ली व्हिडिओवरही बरंच होतं.

लहान मुलांसाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक मी वर सांगितली ती, घरातलं वातावरण सैल करणारी. दुसरी लिडकॉम, सिडनीच्या त्या नावाच्या उपनगरात तयार झाली म्हणून. तिच्यात आईबाप रोज दहा-पंधरा मिनिटं खेळत मुलाच्या सुरळीत वाक्याला शाबासकी देतात आणि रोज शून्य ते नऊ असा आकडा लिहितात. ही थेरपिस्टकडून शिकूनच करायची, मनाने केली तर शाबासकीचं टोकणं व्हायला वेळ लागत नाही. हॉलंडमध्ये या दोन प्रकारच्या थेरपींची १९९ मुलांवर तुलना झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दीड वर्षाने दोन्हीकडे चारातली साधारण तीन मुलं सुटलेली होती. तेव्हा कुठली चांगली यावर डोकं शिणवू नका, जी रोज जमेल ती करा.

सडेतोड | १३ जून, संध्याकाळी ६:०१

वाचतोय. गोपाचल सर, पाचवीतल्या त्या शिक्षकांसारखा सूर लागला असेल तर दिलगीर आहे.

गोपाचल | १३ जून, संध्याकाळी ६:३०

सोडा हो. ग्वाल्हेरला आलात तर चहा घेऊ. नाव मात्र मी सांगणार नाही, तुम्हीच ओळखायचं.

मालवी_मिरची | ४ ऑगस्ट, रात्री १०:२२

धागा वर काढतेय. गराडूदादा, पुढे काय झालं?

गराडू | २१ सप्टेंबर, रात्री १०:५८

उशीर झाला, रिटर्न्स आणि गणपती एकदमच आले.

जूनच्या शेवटी तपासणी झाली. थेरपिस्ट हिंदीभाषक आहेत, तरुण बाई. मी आधीच ठरवून गेलो होतो आणि आत शिरताच म्हणालो, "हकलाती है, तोतली नहीं।" त्यांना वाटलं, माणूस भांडायला आलाय. व्हिडिओ बघितला, मोजलं, म्हणाल्या सुरू करू या. लिडकॉम. दर शनिवारी जातो, रोज सकाळी शाळेआधी पंधरा मिनिटं सराव. शाबासकीला आम्ही मराठी शब्द शोधला, "घसरगुंडी". सुरळीत वाक्य आलं की "वा, घसरगुंडी!" कन्येला शब्द इतका आवडला की परवा आजीने एका दमात किराण्याची यादी सांगितली तर तिलाच "आजी, घसरगुंडी!" म्हणाली.

वहीत पहिल्या आठवड्यात सहा-सात असे आकडे आहेत. ऑगस्टच्या शेवटी दोन, एखाद्या दिवशी एक. मग ताप आला, पाठोपाठ गणपती, घरात पाहुणे, झाँकी बघायला रात्रीची जागरणं, आणि आकडा थेट पाचवर. मी पार खचलो. थेरपिस्ट म्हणाल्या, होतं असं, वर-खाली होतच खाली येतं. या आठवड्यात तीन. मान वळणं जुलैनंतर दिसलेलं नाही. पूर्ण जाईल का, त्या सांगत नाहीत आणि मीही विचारणं सोडलंय. मॅडमना शाळेत जाऊन भेटलो, वर्गात तिला घाई करू नका एवढं सांगितलं. मराठी चालू आहे.

आईशी बोललो. म्हणजे सुरुवात केली, तिनेच पुढे तासभर बोलून घेतलं. त्यातलं इथे लिहीत नाही.

गोष्ट रोज मीच सांगतो. एका रात्री "म"वर चांगलाच लटकलो. कन्या उशीवरून म्हणाली, "बाबा, तुझी घसरगुंडी नाहीये." मी म्हटलं, नाहीये. "मग?" मग काय, पुढे सांगितली. मांजराला दूध मिळालं का, हा तिचा खरा प्रश्न होता.

शब्दसखी, तुम्ही सांगितलेलं बटाट्याचं मीही करतोय. ऑनलाइन गटात तीनदा गेलो, गोपाचल सर तिथे भेटले, नाव त्यांनी सांगितलं, मीही माझं सांगितलं. दोघांचं मिळून दीड मिनिट.

आणि गेल्या रविवारची एक गोष्ट. आमच्या चौकात पोह्यांचं दुकान आहे, लहानपणापासून जातो. इंदूरचा माणूस पण मी तिथे पोहे कधी मागितलेच नाहीत, प वर अडतो म्हणून. कॉलेजात असल्यापासून कचोरीच. क ला काही त्रास नाही. बायकोलाही लग्नानंतर आठ वर्षं वाटत होतं की मला कचोरी आवडते. रविवारी कन्येला कडेवर घेऊन गेलो. तिला पोहे हवे होते, वरचा जिरावन मसाला कमी. मी ओठ अलगद टेकवले, आला ब्लॉक, सोडून दिलं नाही, मागे चार माणसं उभी, सैल केलं, पुन्हा टेकवले. "प... प... पोहे, दो प्लेट।" घड्याळ लावलं असतं तर सात-आठ सेकंद.

तोवर दुकानवाल्या भियाने मला बघून सवयीने कचोरी फोडून त्यावर चटणीसुद्धा घातली होती. तिन्ही खाल्लं.

मालवी_मिरची | २१ सप्टेंबर, रात्री ११:०४

दुकान कुठलं ते सांगा, शेव कशी देतात?

गराडू | २१ सप्टेंबर, रात्री ११:१०

मुठीने.